जुन्या मॅसीचा लाल नेमका कुठला?

निपाणीजवळच्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलंय: आजोबांचा मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर आहे, १९७८ ची नोंदणी. इंजिनचं काम झालंय, पत्राही ठोकून सरळ केलाय. दुकानातून ‘मॅसी लाल’ म्हणून डबा आणून एका मडगार्डला मारला, तर जुन्या बोनेटशेजारी तो केशरट दिसतोय. खालच्या राखाडीचा तर पत्ताच लागत नाही, तिथे तीन वेगवेगळे रंग निघतायत. खरा शेड कसा शोधायचा, आणि ऑइल पेंट मारायचा की पीयू, म्हणजे हार्डनर घालून मारायचा पॉलियुरेथेन रंग?

बोनेट अजून खरवडलेलं नाही ना? मग निम्मं काम शाबूत आहे. आता पॉलिश पेपर खाली ठेवा आणि मोबाइलवर रंगाचे नंबर शोधणंही थोडे दिवस थांबवा. जुन्या ट्रॅक्टरचा रंग आधी ट्रॅक्टरवर शोधायचा असतो, मग डब्यात. आपल्याकडे बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी पत्रा पांढरा शुभ्र होईपर्यंत घासून काढतात, मग इंग्लंडमधल्या कुठल्यातरी मॉडेलचा नंबर घेऊन दुकानात जातात, आणि दुकानदार त्यातल्या त्यात जवळचा डबा काढून देतो. तोवर पडताळून बघायला ट्रॅक्टरवर काही उरलेलं नसतं.

मॅसीच्या बाबतीत घोटाळा व्हायला कारणही आहे. १९४६ पासून इंग्लंडात निघालेला फर्ग्युसनचा टीई-२० हा बोनेटपासून खालच्या ओतीव हाऊसिंगपर्यंत सगळा राखाडी. १९५६ मध्ये आलेला ‘३५’ सुरुवातीला राखाडी पत्रा आणि खाली सोनेरी-तांबूस इंजिन-हाऊसिंग असा होता. मॅसी-हॅरिस आणि फर्ग्युसन या कंपन्या १९५३ मध्येच एक झाल्या होत्या. १९५७ च्या अखेरीस नवं रूप आलं: वर लाल, खाली राखाडी. हा लाल मॅसी-हॅरिसकडून आलेला. आपल्याकडे मॅसी बनवणारी चेन्नईची टॅफे कंपनी स्थापन झाली १९६० साली, म्हणजे आपल्या गावांत आलेले १०३५ हे लाल-राखाडीच्या काळातलेच. तरी दरवर्षी कोणीतरी परदेशी व्हिडिओ बघून ‘खरा मॅसी राखाडीच असतो’ असं ठरवतो आणि चेन्नईत बनलेल्या १०३५ ला नखशिखान्त राखाडी करतो. दिसतं छान. पण तो त्या ट्रॅक्टरचा रंग नव्हे.

बाकीच्या ट्रॅक्टरांचंही असंच आहे, म्हणून सालाला महत्त्व. फोर्डसन डेक्स्टा निळा आणि चाकं केशरी. १९६३-६४ पासून फोर्डने निळ्याला राखाडीची जोड दिली, आणि आपल्याकडचा फोर्ड ३६०० त्याच घराण्यातला. त्याला केशरी चाकं लावली तर जाणकार लांबूनच ओळखतो. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९३६ मध्ये राखाडी सोडून लाल धरला, त्यामुळे त्यांच्या बी-२७५ चा लाल आणि मॅसीचा लाल ही दोन वेगळी कुळं. दोघांना एकाच डब्यातून रंगवलेलं आपल्या भागात सर्रास दिसतं. एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारातून दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा हिरवा फोर्डसन निघाला, तर तो हिरवा कोणीतरी नंतर फासलाय असं समजून काढू नका. १९३७ पासून केशरी असलेला फोर्डसन विमानातून दिसू नये म्हणून १९४० च्या सुमारास हिरवा केला होता.

आता तुमच्या १०३५ वर मूळ रंग कुठे बघायचा ते सांगतो. बोनेटच्या वरच्या अंगावर बघू नका, तिथे उन्हाने सगळं खाल्लेलं असतं. बाजूचा मोनोग्राम काढा, त्याच्या खालचा पत्रा बघा. डॅशबोर्ड सोडवून त्याची मागची कड बघा. डिझेल टाकीला जिथे पट्टा आवळलेला असतो तिथे, बॅटरीच्या खोक्याच्या पाठीमागे, हेडलाइटच्या वाटीखाली, मडगार्ड जिथे बोल्टने बसतं त्या दोन पत्र्यांच्या मधे. राखाडीसाठी स्टार्टर उतरवून त्याच्या फ्लँजखाली, हायड्रॉलिक झाकणाच्या कडेला आणि फूटरेस्टच्या ब्रॅकेटमागे बघा. चाकांसाठी टायर उतरवल्यावर रिमची आतली बाजू आणि डिस्क जिथे हबला टेकते ती जागा. तिथे नंतरच्या रंगाऱ्याचा ब्रश क्वचितच पोचलेला असतो.

एक जागा सापडली म्हणून खूश होऊ नका. आपल्याकडचे ट्रॅक्टर कामाचे होते, दाखवायचे नव्हेत. मडगार्ड बदललेलं असतं, बोनेट दुसऱ्या ट्रॅक्टरचं असतं, डॅशबोर्ड बाजारात मिळणारा डुप्लिकेट असतो. अशा पत्र्यावर सगळ्यात खालचा रंग सापडला तरी तो कारखान्यातला असेलच असं नाही. दोन वेगवेगळ्या सुट्या भागांवर, दोन वेगळ्या जागी तोच लाल निघाला, तरच तो खरा धरायचा.

जागा सापडली की तिथे रुपयाच्या नाण्याएवढी खिडकी काढायची. चारशेचा वॉटर पेपर, मग आठशे, शेवटी पंधराशे. पाणी लावून, बोटाने गोल गोल, मध्यभागी जास्त दाब आणि कडेला कमी. मग प्रत्येक थर वेगळ्या कड्यासारखा दिसू लागतो. बाहेरून आत मोजत या: मागच्या दसऱ्याचा हात, त्याआधीचा, त्याआधीचा, आणि शेवटी प्रायमर. प्रायमरला चिकटून असलेला थर तुमचा. प्रायमर रेड ऑक्साइडचा असेल तर नवख्याला तोच मूळ रंग वाटतो. त्याची चमक कधीच येत नाही, यावरून ओळखा. तुमच्या हाऊसिंगवर तीन राखाडी निघतायत ते याचमुळे; त्यातला सगळ्यात तळाचा कुठला ते खिडकीच सांगेल.

हे सगळं ओलं घासायचं, कोरडं नाही. त्या काळच्या लाल-पिवळ्या रंगांत शिशाची संयुगं सर्रास असत. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्या देशात लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून, तुमचा ट्रॅक्टर त्याच्या कितीतरी आधीचा. तोंडाला चांगला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा, आणि गोठ्याशेजारी तर अजिबात खरवडू नका. गुरं रंगाचे पापुद्रे चाटतात आणि शिशाने जनावर दगावतं. घासलेलं पाणी आणि पापुद्रे वैरणीच्या वाटेवर सांडू देऊ नका.

सापडलेला रंग आहे तसा खरा मानायचा नाही, तो वाचावा लागतो. उन्हातला लाल वरून पावडर सुटून फिका, गुलाबट होतो. रबिंग कंपाउंड मारलं की खालचा जिवंत रंग वर येतो, तरी उन्हाच्या बाजूला तो थोडा उतरलेलाच असतो. टाकीभोवती डिझेल मुरून तो काळपट होतो, इंजिनजवळ उष्णतेने तपकिरी झाक येते. सावलीतल्या जागाही पूर्ण खरं सांगत नाहीत. जुना ऑइल पेंट अंधारात राहिला की पिवळा पडतो. लालात ते कळत नाही, राखाडीत मात्र लगेच हिरवट झाक दिसते. मोनोग्रामखालची राखाडी हिरवट निघाली म्हणून हिरवट राखाडी बनवू नका. तो भाग आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवा. अंधारामुळे आलेला पिवळेपणा बराचसा उन्हाने उतरतो, मग त्यावरून जुळवा.

आता जुळवणं. कार रंगवणाऱ्या मोठ्या दुकानांत हल्ली रंग वाचायचं यंत्र असतं. यंत्राला तुमची पावडर सुटलेली कड दाखवलीत तर ते पावडरीचा रंग वाचेल. आधी कंपाउंड मारून चमक आणा, सपाट जागा द्या, तीन ठिकाणी वाचून घ्या. सुटा भाग, म्हणजे टूलबॉक्सचं झाकण किंवा बॅटरीची पट्टी, सोबत नेलात तर उत्तम. फोटो नेऊन काही उपयोग नाही. मोबाइल स्वतःच रंग बदलतो.

यंत्र नसेल तर शेडकार्ड. भारतीय मानक आयएस ५ च्या कार्डात लालांचे नंबर ठरलेले आहेत: फायर रेड ५३६, सिग्नल रेड ५३७, पोस्ट ऑफिस रेड ५३८. राखाडीत लाइट ग्रे ६३१, डार्क अ‍ॅडमिरल्टी ग्रे ६३२. जर्मनीचं राल कार्ड १९२७ पासूनचं, तेही आता बऱ्याच दुकानांत असतं. यातला कुठलाही नंबर म्हणजे मॅसीचा रंग, असं मी म्हणत नाही. नंबराचा उपयोग बोलण्यासाठी. ‘५३७ च्या जवळ, पण अंगाने थोडा गडद’ असं सांगितलंत तर बेळगावचा दुकानदार आणि कोल्हापूरचा दुकानदार एकाच गोष्टीबद्दल बोलतात. ‘जरा डार्क लाल द्या’ म्हणालात तर दोघंही आपापल्या मनातला देतात.

तुमच्या केशरट लालाची दुरुस्ती: त्यात काळा घालू नका. रंगारी घाईत तेच करतो आणि रंग विटकरी होतो. केशरीपणा उतरवायला निळसर अंगाचा लाल लागतो, म्हणजे मरून किंवा वाइन रेडचा स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंग), आणि तोही थेंबाथेंबाने. पांढरा घातलात तर गुलाबी होईल. राखाडीची गंमत उलटी. नुसता पांढरा आणि काळा मिसळला की राखाडी निळसर, थंड दिसते. जुनी मशीनची राखाडी बहुधा किंचित उबदार असते, तिला पिवळ्या गेरूची किंवा थोड्या तपकिरीची टिचकी लागते. वजन छोट्या डिजिटल काट्यावर करा आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवा. स्टेनर किती ग्रॅम घातलं ते लक्षात राहतं, असं म्हणणाऱ्यांचं दुसरं भांडं कधीच जुळत नाही.

नमुना डब्यात बघून ठरवायचा नाही, बोटाने चोपडूनही नाही. ट्रॅक्टरवर जो प्रायमर मारणार तोच प्रायमर लावलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर, त्याच गनने, तेवढेच हात मारून, पूर्ण वाळल्यावर बघायचा. प्रायमरवर आधी काळ्या मार्करने एक रेघ ओढून ठेवा. ती रेघ दिसेनाशी झाली की रंग पुरेसा चढला. हे लालासाठी फार महत्त्वाचं आहे. शिशाच्या जुन्या रंगद्रव्यांचं कव्हरेज दांडगं होतं, आजचा बिनशिशाचा लाल पातळ पडतो आणि खालचा रंग त्यातून डोकावतो. रेड ऑक्साइडवर तोच लाल गडद होतो, पांढरट प्रायमरवर उजळ आणि केशरट. तुमचं मडगार्ड कुठल्या प्रायमरवर मारलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते फिकट प्रायमरवर मारलं असेल तर निम्मा दोष डब्याचा नसेलच. ते मडगार्ड सहाशेने घासून त्यावर बाकीच्या पत्र्यासारखाच प्रायमर मारा आणि मग निकाल द्या.

बघायचं कुठे? ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. सकाळी दहाच्या सुमारास एकदा उघड्या उन्हात, एकदा झाडाच्या नव्हे तर भिंतीच्या सावलीत बघा. झाडाखाली पानांचा हिरवा उजेड पडतो आणि लाल मेल्यासारखा दिसतो. जुन्या पत्र्यावर पाण्याचा हात फिरवून मग नमुना शेजारी धरा. कोरडा, निस्तेज रंग नेहमी फिका वाटतो. ओला केला की चमकदार नमुन्याशी त्याची खरी तुलना होते.

शेड ठरला की सगळ्या ट्रॅक्टरचा लाल एकदम एका मोठ्या भांड्यात मिसळा. बोनेट, मडगार्ड, डॅशबोर्ड, टाकी मिळून दोन हातांना दोन-अडीच लिटर धरून चाला. अर्धा डबा आज, अर्धा पुढच्या आठवड्यात असं केलंत तर बोनेट आणि मडगार्ड जन्मभर भांडत राहतील. पाव लिटर घट्ट बाटलीत बाजूला काढून ठेवा. ट्रॉलीचा कोपरा मडगार्डला लागणारच आहे.

ऑइल पेंट की पीयू, यावर माझं मत असं: ट्रॅक्टर अजून शेतात जाणार असेल तर पत्र्याला पीयू आणि खालच्या ओतीव भागांना चांगला सिंथेटिक, म्हणजे आपण ऑइल पेंट म्हणतो तोच. पीयू डिझेलला दाद देत नाही, ऊनही चांगलं सोसतो. पण त्याची आरशासारखी चमक जुन्या मॅसीला शोभत नाही. १९७८ चा ट्रॅक्टर नव्या कारसारखा दिसायला लागला की काहीतरी चुकलंय. म्हणून दुकानदाराकडून चमक कमी करायचं मिश्रण घालून घ्या आणि नमुन्यावर बघा. नुसता प्रदर्शनासाठी, शेडमध्ये ठेवायचा असेल तर सरळ सिंथेटिक. त्याचा थर, त्याची चमक त्या काळाशी जास्त जुळते. ड्यूकोच्या, म्हणजे थिनरवर झटपट वाळणाऱ्या जुन्या कार-रंगाच्या, वाटेला जाऊ नका. ड्यूकोचा थिनर जुन्या ऑइल पेंटवर पडला की खालचा रंग चुरगळून वर येतो. पीयूही अर्धवट घासलेल्या जुन्या सिंथेटिकवर असाच दगा देतो, तेव्हा पीयू मारायचा तर तळापासून साफ करा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल बांधून तो मारायचा नाही. सेंद्रिय वाफा आणि फवारा, दोन्ही अडवणारा काडतुशीचा मास्क लागतो. रंगारी ‘अहो काही होत नाही’ म्हणाला तरी. दम्याची सुरुवात अशीच होते.

साफ करण्याबद्दल एक इशारा, खास आपल्या भागासाठी. बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छेकडे फाउंड्रीवाले आहेत, त्यामुळे शॉट ब्लास्टिंगची, म्हणजे लोखंडी छर्रे मारून रंग-गंज काढायची, सोय हाताशी असते आणि मोह होतो. चाकाच्या डिस्क, पुढचा एक्सल, वजनं, हे खुशाल द्या. बोनेट देऊ नका, पातळ पत्रा छर्ऱ्यांच्या माऱ्याने ताणून वाकडा होतो आणि मग लांबी (पुट्टी) भरत बसावं लागतं. गिअरचं हाऊसिंग तर कधीच देऊ नका. एखादा छर्रा आत राहिला तर तो हायड्रॉलिक पंपात जातो. ब्लास्ट केलेला भाग त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. खानापूरकडची हवा रात्रीत त्यावर गंज चढवते.

हवेचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूर पट्ट्यात गन हातात घेऊ नये. अथणी, रायबागकडे पाऊस कमी पण धूळ बारीक. तिथे भल्या पहाटे जमीन ओली करून मारतात. तुमच्याकडे निपाणीला अडचण वेगळी. गळीत हंगामात रात्री कुठेतरी पाचट पेटवलं की काजळीची काळी पिसं तरंगत येतात आणि ओल्या बोनेटवर बसतात. ती बोटाने उचलायला गेलं की रेघ उठते. तशीच वाळू द्या, मग दोन हजारच्या पेपरने उतरवा. ऊस गेल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळचं दव उडाल्यानंतर आणि वारा सुटायच्या आत, हा वेळ सगळ्यात सोयीचा. कॉम्प्रेसरला पाण्याचा सापळा हवाच.

काही गोष्टी रंगवायच्या नाहीत. नंबरप्लेट नव्हे, तर कंपनीची पितळी-अ‍ॅल्युमिनियमची पाटी आणि चासी नंबरचे ठोके. त्यात रंग भरला तर आरटीओत नंबर वाचताना तुमचीच पंचाईत. आरसी पुस्तकात रंगाचा रकाना असतो, तो एकदा बघून घ्या. ग्रीस निपल, ब्रीदरचं छिद्र, हायड्रॉलिकचे चकचकीत दांडे यांना ग्रीस लावून झाका. सायलेन्सर आणि मॅनिफोल्डला साधा रंग टिकत नाही, तिथे उष्णतारोधक रंगच हवा.

आणि बोनेटवरच्या अक्षरांचा फोटो, माप आणि ट्रेसिंग आधीच करून ठेवा. आपल्या सीमाभागात एका बाजूला मराठीत ‘ज्योतिबा प्रसन्न’ आणि दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये रेणुका-यल्लम्माचं नाव, असं एकाच रंगाऱ्याच्या हातचं लिखाण असतं. ते कारखान्यातलं नाही म्हणून पुसून टाकावं, या मताचा मी नाही. आजोबांनी ट्रॅक्टर घेतल्यावर लिहवून घेतलेलं असेल तर ते त्या ट्रॅक्टरचंच आहे. मूळ रंग बसल्यावर ट्रेसिंगवरून कुठल्याही चांगल्या पेंटरकडून परत काढून घेता येतं. फक्त रेडियमच्या स्टिकरमध्ये करू नका, ब्रशनेच काढा.

शेवटचा हात मारल्यावर सिंथेटिक दुसऱ्या दिवशी हाताला सुकलेला लागतो, पण आतून पक्का व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर ताडपत्री घालू नका, तिचे ठसे उठतात. डिझेल भरताना टाकीभोवती फडकं गुंडाळा. खंडेनवमी तोंडावर असेल तर पूजा करा, पण ओल्या झेंडूचा हार बोनेटवर रात्रभर ठेवू नका आणि राखाडीवर हळद लावू नका, तो डाग निघत नाही. हळदकुंकू टायरला लावा.